दोराची अकरा वेटोळी

आमच्या गॅरेजमध्ये मोटार नाही. बाबागाडीही नाही, कारण तिला जागा नाही. तिथे दोराची अकरा वेटोळी आहेत. अंगठ्याएवढा जाड घायपाताचा दोर, दुकानातून आला तसा तीन ठिकाणी सुतळीनं बांधलेला, एकदाही न उलगडलेला. आत शिरलं की आधी शिंक येते आणि मग राग.

एफी झाल्यापासून, म्हणजे गेले सात महिने, तिची बाबागाडी दाराबाहेरच्या पत्र्याखाली उभी असते. आमच्या या गॅलोवे परगण्याच्या कोपऱ्यात बाहेर ठेवलेली वस्तू कोरडी राहिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. रोज सकाळी मी गादी पुसते, वर टॉवेल अंथरते आणि रस्त्याच्या टोकाशी पोचेपर्यंत टॉवेलही ओला होतो.

"बाबा, हे दोर कुणाला तरी देऊन टाकूया का?"

"नको."

"तुम्ही वापरत तर नाही."

"नाही."

"मग?"

"दोर आहेत," बाबा म्हणाले आणि पेपर वर केला. संपलं.

माझे बाबा, वॉटी डॅलग्लिश, शहात्तर वर्षांचे. कॉर्सनची मालवाहतूक बंद होईपर्यंत तेवीस वर्षं त्यांनी तिथे लॉऱ्या चालवल्या. आई गेल्यावर ते एकटे होते आणि माझा नवरा गॅव्हिन तेलविहिरीच्या फलाटावर, तीन आठवडे समुद्रात, तीन आठवडे घरी. म्हणून आम्ही बाबांकडेच राहायला आलो. बाबांची बोटं संधिवातानं अशी वाकली आहेत की चहाचा कप त्यांना दोन्ही हातांच्या ओंजळीत धरावा लागतो. पण एफीला झोपवणं त्यांचंच काम. गाणं नाही, गोष्ट नाही. तिला मांडीवर घेऊन ते रस्ता सांगतात. "गेटहाउस... डम्फ्रीज... ग्रेटना, इथे चहा... आता शॅपचा चढ, दुसरा गिअर, घाई नाही, घाई नाही..." एफी शॅप ओलांडत नाही. लहानपणी मीही कधी ओलांडला नव्हता. आपल्या पायाखालून रस्ता हळूहळू सरकतोय, एवढं कळायचं आणि मग सकाळच व्हायची.

कॉर्सनच्या लॉऱ्या गडद तांबड्या, दारावर सायीच्या रंगाची अक्षरं आणि कपाळावर प्रत्येकीचं नाव. नावं इथल्याच डोंगरांची. मेरिक, क्रिफेल, केर्न्समोर. गावातली जुनी माणसं अजून ड्रायव्हरांना त्यांच्या नावानं ओळखत नाहीत. "तो होय, तो क्रिफेलवर होता," असं म्हणतात. बाबा मेरिकवर होते. मेरिक म्हणजे लांबचा रस्ता, ब्रॅडफर्ड, लीड्स, कधी थेट लंडन. १९७८च्या सप्टेंबरपर्यंत.

त्या सप्टेंबरात मेरिकवर ब्रॅडफर्डच्या गिरणीसाठी लोकरीच्या बासष्ट गासड्या चढल्या होत्या. गावाबाहेर सहा मैलांवर नॉकग्रेनच्या वळणावर मागचा दोर सुटला आणि चौदा गासड्या उतारावरून गडगडत कुरणात गेल्या. फुटल्या. कुरणात मेंढ्या होत्या. त्या जवळ आल्या आणि हुंगायला लागल्या. कुणी जखमी झालं नाही, रस्ता दोन तास बंद राहिला, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात एकच वाक्य झालं: वॉटीनं मेंढ्यांना त्यांची लोकर परत केली.

कॉर्सननं बाबांना लांबच्या रस्त्यावरून काढलं आणि गुरांच्या खाद्याची पोती शेतांवर पोचवायला लावलं. सकाळी निघायचं, दुपारी चारला परत. मेरिक दुसऱ्याला दिली. पुढे म्हातारा कॉर्सन वारला, मग कंपनी मिटली, बहुतेक लॉऱ्या भंगारात गेल्या. ते वाक्य मात्र ठणठणीत राहिलं. मी जन्मले त्या घटनेनंतर चौदा वर्षांनी, तरी शाळेत माझी हजेरी झाली की मागच्या बाकावरून "बेंऽऽ" यायचं. लग्न झालं, आडनाव बदललं. तरी एप्रिलमध्ये एकदा नेटामावशीच्या बेकरीत रांगेत उभी होते, एफी कडेवर.

"काय गं मॉर्व्हन, पोरीचं जावळ काय दाट आलंय!" नेटामावशी पावावर लोणी फासता फासता म्हणाली. "आजोबांपासून सांभाळ हो. नेऊन देतील मेंढ्यांना!"

मागची अख्खी रांग "बेंऽऽ" करून हसली. एफीही हसली, सगळे हसतायत म्हणून. पाच वर्षांनी ही शाळेत जाणार.

अशात मेमध्ये इनिस कॉर्सन आमच्याकडे आला. म्हाताऱ्याचा नातू. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, मनानं वाईट नाही. सहा वर्षांपूर्वी त्याला एका शेताच्या बांधावर, खाजऱ्या झुडपांत बुडालेली, चाकं नसलेली मेरिक सापडली होती. ती त्यानं पुन्हा उभी केली. जूनमधल्या गावजत्रेच्या मिरवणुकीत ती पहिल्यांदा बाहेर निघणार होती. पाठीवर पेंढा भरलेल्या गासड्या लादून, अगदी जुन्यासारखी.

त्यानं एक कागद टेबलावर ठेवला. मिरवणुकीत नेटामावशी भोंग्यावरून प्रत्येक गाडीची माहिती वाचणार होती, त्यातला मेरिकचा मजकूर.

*आणि ही आली आपली मेरिक! हिच्यावरूनच आपल्या वॉटीनं नॉकग्रेनच्या मेंढ्यांना त्यांची लोकर साभार परत केली होती. काय वॉटी, मेंढ्यांनी पोच दिली का?*

"हे काढ," मी म्हटलं.

"काय काढू?"

"मेंढ्या."

"अगं, लोकांना हेच तर ऐकायचं असतं. इंजिन किती ताकदीचं, हे ऐकायला कोण उभं राहतं? वॉटीकाका, तुमची काही हरकत आहे का?"

"राहू दे," बाबा म्हणाले.

"बघ!"

"त्यांची नसेल. माझी आहे."

"तू तर तेव्हा जन्मलीही नव्हतीस," इनिस हसला. मग बाबांकडे वळून म्हणाला, "पण काका, गासड्या तुम्हीच बांधायच्या हं. माझ्याकडे खटक्यानं आवळायचे पट्टे आहेत, पण ते त्या गाडीवर शोभत नाहीत. दोरानं बांधणारं गावात आता उरलंय कोण?"

बाबांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. आल्याच्या कुड्यांसारखी बोटं. इनिस जरा वरमला.

"हिला शिकवतो," बाबा म्हणाले. "हिचाही हात डावाच आहे."

"मला कुणी विचारलं?"

"विचारतोय की."

"कुठे विचारलंत?"

"तीन आठवडे आहेत," बाबा इनिसला म्हणाले.

मी हो म्हटलं ते एका हिशेबानं. मेरिकच्या बाजूनं राहिले तर तो कागद बदलून घेता येईल, असं मला वाटलं.

शिकवणी परसात, कपडे वाळत घालायच्या खांबांपाशी. दोर म्हणून त्यांनी शेडमधला एक जुना, तेलकट तुकडा आणला. गॅरेजमधलं एक वेटोळं सोडूया म्हटलं तर ऐकलंच नाही असं दाखवलं. ड्रायव्हर लोक त्या गाठीला डॉली म्हणत. का, ते बाबांना ठाऊक नाही. दोर मालावरून पलीकडे टाकायचा. इकडे लोंबणाऱ्या दोराला कमरेच्या उंचीवर एक फास करायचा, त्याला दोन पीळ द्यायचे, खालचा पदर गाडीच्या कडेच्या आकड्याखालून घेऊन फासातून ओवायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढायचा. एकट्या माणसाच्या अंगात तीन माणसांचं बळ येतं. उरलेलं शेपूट अडकवून खाली सोडायचं.

हे आता मी लिहू शकते. बाबा मात्र असं काही सांगत नव्हते.

"असं नाही. असं."

"म्हणजे कसं?"

"असं!" त्यांची बोटं हवेत काहीतरी वळवायची आणि अर्ध्यात अडायची. "तुला दिसत नाही का?"

"तुमची बोटं वळतच नाहीत तर दिसणार काय?"

बोलल्यावर मला लाज वाटली. बाबागाडीत एफीनं रडायला सुरुवात केली, मी दोर टाकून तिला घेतलं, तिला गप्प करून परत आले तर फास सुटलेला. पुन्हा पहिल्यापासून. असं तेरा दिवस. बाबा रोज तेच म्हणायचे, मी रोज तेच चुकायची, पावसाची भुरभुर रोज त्याच वेळी यायची. गॅव्हिन फोनवर म्हणाला, "अगं, पट्टे लाव ना, काय बिघडतंय?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की पलीकडे फलाटावरचं कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं.

चौदाव्या दिवशी एफी दुपारची झोपली होती. मी तिच्या पाळण्याच्या कठड्याला ड्रेसिंग गाऊनचा पट्टा टाकला. डोक्यात काहीच नव्हतं, डोळे मिटत होते. फास, पीळ, पीळ, खालून, आतून, ओढ. कठडा कुरकुरला. गाठ बसली. दगडासारखी. मी उठून बाबांना हळूच बोलावून आणलं.

त्यांनी वाकलेल्या बोटाच्या पेरानं ती ढकलून पाहिली. हलली नाही.

"शेपूट डावीकडे पडलंय," ते कुजबुजले.

"चुकलं का?"

"नाही. आपलं डावीकडेच पडतं. इतर सगळ्यांचं उजवीकडे. माझ्या गाडीचा माल उतरवताना ब्रॅडफर्डचे हमाल शिव्या द्यायचे, हा डावऱ्याचा दोर सुटता सुटत नाही म्हणून." आणि मग पाळण्याकडे बघत, खूप खूश होऊन, "आता ती सोड. पोरगी उठली तर बाहेर कशी येणार?"

जत्रेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी एफीला घेऊन इनिसच्या शेडमध्ये गाडी बघायला गेले. तांबडी मेरिक. मला वाटलं होतं तेवढी मोठी नव्हती. शेजारी मिरवणुकीत ठेवायचा फलक भिंतीला टेकवला होता. त्यावर एक जुना फोटो, माणसाएवढा मोठा करून.

"आजीनं काढलाय," इनिस म्हणाला. "नवा कॅमेरा होता. त्याच दिवशीचा आहे बरं का, निघायच्या आधी पाच मिनिटं. बासष्ट गासड्या! आणि पुढे काय झालं ते..."

मी त्याचं ऐकत नव्हते. गाडीच्या त्या बाजूला सात दोर होते, सात गाठी. मी एफीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जवळ गेले. पहिलं शेपूट डावीकडे. दुसरं डावीकडे. असं मोजत गेले. मागून तिसरं उजवीकडे.

पुन्हा मोजलं. एफीनं फोटोवर पंजा मारला, तरी तेच.

"इनिस, सुटला तो दोर कुठला होता?"

"मागचा कुठला तरी. तिसरा, म्हणायचे आजोबा. का?"

"ही गाठ बाबांनी बांधलेली नाही."

मी त्याला दाखवलं. डावा हात, उजवा हात, शेपूट. शेडमधल्या एका दोरीवर गाठ मारूनही दाखवली, एफीला त्याच्या हातात देऊन. त्यानं सगळं पाहिलं. समजलं नाही असं म्हणता येणार नाही.

"शेपटावरून तू म्हणतेस की..."

"त्या सकाळी यार्डात बाबांशिवाय कोण होतं?"

"आजी." तो थांबला. "आणि आजोबा. पण मॉर्व्हन, सगळं जगच उजव्या हातानं गाठ मारतं. आजोबा काही आता सांगायला नाहीत. आणि कागद छापून झालेत गं. दोनशे प्रती. नेटाकडे गेल्याही."

"मग नेटाला सांग की ती दोन वाक्यं गाळ."

"बघतो," तो म्हणाला. आमच्या गावात 'बघतो' म्हणजे काय ते मला माहीत आहे.

घरी येईपर्यंत माझा राग उतरला नव्हता, पण त्या रागाखाली आनंदही होता. पुरावा मिळाला होता. बाबा स्वयंपाकघरात एफीला सलगमाचं गरगट भरवायला बसले. चमचा ते मुठीत धरतात, खुरप्यासारखा.

"बाबा, मागून तिसरी गाठ तुमची नव्हती."

चमचा हवेत थांबला. एफीनं पुढे वाकून तो स्वतःच तोंडात ओढला.

"म्हाताऱ्या कॉर्सनची होती ना?"

"हळू. खाऊ दे तिला." एक चमचा. "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नॉकग्रेनला उतरलो तेव्हा दोर हातात घेऊन पाहिला." आणखी एक चमचा. "वीस वर्षं खुर्चीत बसलेला माणूस. एक पीळ कमी पडला त्याचा."

"सत्तेचाळीस वर्षं!" मी ओरडले. एफीचा ओठ थरथरायला लागला. म्हणून पुढचं सगळं भांडण आम्ही कुजबुजत केलं, मी तर चक्क हसऱ्या चेहऱ्यानं. "सत्तेचाळीस वर्षं लोक तुम्हाला बेंऽऽ करतायत. मला करत होते. तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? निघायच्या आधी गाडीभोवती फेरी मारायची, सगळे दोर चाचपायचे. मी मारली होती. मग आत चहा प्यायला गेलो. तेवढ्यात त्याला वाटलं दोर सैल आहे, त्यानं सोडून बांधला. मी बाहेर आलो तर तो घड्याळ बघत उभा. त्याची बाई कॅमेरा घेऊन. चहानंतर मी फेरी मारली नाही."

"पण बांधली त्यानं!"

"गाडी माझी होती."

"आणि त्यानं सांगायला नको होतं? तुमचा रस्ता काढून घेतला त्यानं!"

"तो कॉर्सन होता. त्याचं तोंड पाइप धरायला होतं." बाबांनी वाडग्याच्या कडेचं खरवडून घेतलं. "पुढच्या जानेवारीत, दोन तारखेला, दारात एक वेटोळं. चिठ्ठी नाही, काही नाही. त्याच्या पुढच्या जानेवारीत दुसरं. मरेपर्यंत."

अकरा. मी मनात मोजली.

"म्हणजे ती माफी होती."

"असेल."

"मग एकही वापरला का नाहीत? पोत्यांना दोर लागतच होता की तुम्हाला!"

बाबांनी एफीची हनुवटी पुसली. मग तिचा गळा. मग बिब.

"वापरला असता तर फिटलं असतं," ते म्हणाले.

मी आयुष्यभर बाबांना बिचारे समजत आले. भोळे, चेष्टा सहन करणारे. आणि हे सत्तेचाळीस वर्षं गॅरेजमध्ये एका मेलेल्या माणसाला ताटकळत उभं करून बसले होते, आणि माझ्या मुलीची गाडी पावसात! मला हसू यावं की त्यांच्या डोक्यात तो सलगमाचा वाडगा घालावा, ते ठरेना. मी वाडगा धुतला.

शनिवारी सकाळी मी कपडे बदलून खाली आले तर बाबा दारात उभे. रविवारची टोपी. समोर बाबागाडी, आणि बाबागाडीत एफीच्या जागी दोराचं एक वेटोळं.

"हा कशाला?"

"जुना तुकडा पुरायचा नाही."

"आणि एफी?"

"तुझी कड आहे की."

एफी कडेवर, दोर बाबागाडीत, अशी आमची वरात गावातून गेली. चर्चपाशी एका बाईनं कौतुकानं आत डोकावून पाहिलं आणि तोंड मिटून पुढे गेली.

इनिसच्या शेडमध्ये बाबांनी दातानं सुतळ्या तोडल्या. दोर ताठ होता, चाळीस वर्षं झोपलेला, वळायला तयार नव्हता. माझे तळहात सोलले. बाबा मागे उभे राहून "असं नाही, असं" म्हणत होते. चार गाठी झाल्यावर इनिस पुढे आला.

"माझाही एक हात लागू दे की, काका. फोटोसाठी."

"बांध," बाबा म्हणाले. "मागून तिसरी."

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल तर शपथ. इनिसनं मला चार वेळा पाहिलं होतं, बरी बांधली त्यानं. उरलेल्या मी बांधल्या. तो दोन पावलं मागे सरला, कमरेवर हात ठेवून गाडी बघायला लागला. सहा शेपटं डावीकडे, मागून तिसरं उजवीकडे. शेजारी भिंतीला तो फोटो. त्याची मान गाडीकडून फोटोकडे गेली आणि परत आली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

बाबांनी फेरी सुरू केली. ड्रायव्हरच्या दारापासून, डावऱ्या माणसाची उलटी प्रदक्षिणा. प्रत्येक दोराला पेरानं ढकलत. मागून तिसऱ्यापाशी थांबले. दोर आत गेला.

"एक पीळ कमी आहे. मॉर्व्हन, सोड. परत बांध."

मी सोडली, बांधली. इनिस बघत होता.

"मला वाटलं, दोन दिले," तो म्हणाला.

"त्यालाही वाटलं असेल," बाबा म्हणाले आणि पुढच्या दोराकडे गेले.

मी इनिसच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोल. आता तरी. त्यानं घसा साफ केला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "उशीर होतोय, निघायला हवं."

"नेटाला सांग आधी!"

"हो हो," म्हणत तो चढला. बाबा त्याच्या शेजारी बसले.

मी आडवाटेनं बाबागाडी पळवत चौकात पोचले तोवर मेरिक वळणावर आली होती. मागे बॅगपाइपवाले. दुतर्फा सगळं गाव. भोंग्यातून नेटामावशीचा आवाज आला, शब्दन् शब्द छापल्याप्रमाणे. मेंढ्या. साभार परत. पोच. आणि अख्खा चौक, लहान मुलांपासून पाद्रीबाईंपर्यंत, "बेंऽऽ" करून ओरडला.

मेरिक थांबली.

इनिस खाली उतरला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली. हळू, प्रत्येक दोराला हात लावत, पुढून मागे आणि मागून पुढे. बॅगपाइपवाले जागच्या जागी पाय आपटत राहिले.

"काय झालं रे इनिस?" भोंगा म्हणाला. "मेंढी आडवी आली का?"

आणखी हशा. इनिसनं मान वर केली नाही. फेरी पूर्ण करून तो पुन्हा चढला आणि गाडी पुढे गेली. काचेमागे बाबांची रविवारची टोपी सरळ समोर बघत होती. ती फेरी म्हणजे इनिसची न बोललेली कबुली होती, हे त्या चौकात तिघांनाच कळलं, आणि माझ्या तोंडातून एवढं मोठ्यानं "अरे, बोल की!" निघालं की शेजारचा म्हातारा दचकला.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक पिशवी. आत बाबागाडीवर घालायचं पावसाचं आच्छादन. नवं कोरं, चांगल्यातलं, पारदर्शक, एफीला बाहेरचं दिसेल असं. चिठ्ठी नाही.

बाहेर भुरभुर चालूच होती. मी ते हातात घेऊन उभी राहिले. बाबांनी पेपरावरून पाहिलं.

"कॉर्सन," ते म्हणाले. एवढंच.

मी ते उलगडलं. गाडीला बरोबर बसलं असतं. मी तसंच घडी घालून पिशवीत ठेवलं आणि फोन उचलला.

"इनिस, पायरीवर काहीतरी विसरलायस."

"अगं, विसरलो नाही, ते..."

"ते काय?"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तोंडानं सांगितल्याशिवाय मी ते वापरणार नाही. आणि मला नको सांगूस. शनिवारी सकाळी दहाला नेटामावशीच्या बेकरीत. रांग भरलेली असते तेव्हा. गाठ कुणाची होती, एवढं एकच वाक्य."

"सगळ्यांसमोर?"

"बेंऽऽ पण सगळ्यांसमोरच करतात."

मग तो म्हणाला, "बघतो."

मी फोन ठेवला. बाबांचा पेपर हलत होता. हसत होते की पान उलटत होते, ते कळलं नाही. गॅरेजमध्ये दहा वेटोळी उरली आहेत, आणि मी आतापर्यंत दोनदा प्रयत्न केला, बाबागाडी आत जाते पण दार लागत नाही. आज बुधवार. पिशवी दारामागच्या खुंटीला आहे. शनिवारपर्यंत टॉवेल.